जुना ट्रॅक्टर सुरू होत नसेल तेव्हा: तालुक्यातील एका घरपोच दुरुस्ती सेवेचे परीक्षण

जुना डिझेल ट्रॅक्टर सुरू होत नाही, अशी तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘बॅटरी गेली’ किंवा ‘इंजिनाचा डिझेल पंप उतरवावा लागेल’. दोन्ही उत्तरे कधी कधी खरी असतात, पण ती तपासणीच्या शेवटी यायला हवीत. प्रत्यक्षात ती ट्रॅक्टर न पाहता फोनवरच मिळतात आणि तिथून शेतकऱ्याच्या खर्चाला सुरुवात होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला, जुन्या ट्रॅक्टरांचे एक छोटे गॅरेज आहे. तेथील मिस्त्री गावोगाव घरपोच दुरुस्तीलाही येतात. ते हातात पाना घेण्याआधी दोष शोधतात, आणि तो एका ठरलेल्या क्रमाने शोधतात. या एका गुणासाठी त्यांच्या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

आमचा ट्रॅक्टर १९९० च्या दशकातला, तीन सिलिंडरचा आणि ३५ अश्वशक्तीचा आहे. पावसाळाभर तो शेडमध्ये उभा होता. गव्हाच्या पेरणीसाठी रान तयार करायची वेळ आली तेव्हा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरू लागला आणि कितीही वेळ मारला तरी इंजिन पकडेना. आधी ज्या ठिकाणी विचारणा केली, तिथे पंप काढून आणा आणि जमल्यास बॅटरीही नवी घ्या, असे सांगण्यात आले. मोठ्या खर्चाचा सल्ला इतक्या सहज मिळाल्यामुळे आम्ही दुसरे मत घ्यायचे ठरवले आणि या गॅरेजला फोन केला.

फोनवरच्या पहिल्या संभाषणातच फरक जाणवला. मिस्त्रींनी ट्रॅक्टरचे मॉडेल विचारले आणि पाठोपाठ काही नेमके प्रश्न विचारले. सेल्फ फिरतो की नुसता ‘टक’ असा आवाज येतो? फिरत असल्यास नेहमीच्या वेगाने फिरतो का? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि येत असल्यास त्याचा रंग कोणता? टाकीतले डिझेल पेट्रोल पंपावरून थेट भरलेले आहे की घरच्या ड्रममधले? बंद पडल्यापासून कोणी पाइप किंवा फिल्टर सोडवला आहे का? धूर अजिबात येत नाही, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “मग पंपाला हात लावायचा नाही अजून, भाऊ. डिझेल पंपापर्यंत जातंय की नाही तेच आधी बघू.”

धुराचा प्रश्न जुन्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत फार मोलाचा आहे, आणि तो प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला माहीत असावा. सेल्फ व्यवस्थित फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे पण पेट घेत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण), पंपाचे टायमिंग, नोजलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) फवारा किंवा इंजिनाचा गारठा यांच्याकडे पाहावे लागते. धूर मुळीच येत नसेल, तर बहुधा डिझेलच पोहोचत नाही आणि दोष टाकीपासून नोजलपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे अर्धे क्षेत्र वगळता येते, आणि त्यासाठी लागते ती फक्त सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहणारी एक व्यक्ती.

ठरलेल्या दिवशी मिस्त्री एका मदतनीस मुलाला घेऊन मोटारसायकलवरून आले. त्यांनी प्रथम गिअर न्यूट्रलला असल्याची आणि हँडब्रेक ओढलेला असल्याची खात्री केली. मग इंजिन बंद करायच्या नॉबकडे वळले. जुन्या ट्रॅक्टरांत हा नॉब ओढला की तारेच्या साहाय्याने पंपावरचा छोटा दांडा सरकतो आणि डिझेल तुटते. पावसाळ्यात तार आवरणाच्या आत गंजली, तर नॉब आत ढकलला तरी दांडा बंद स्थितीतच अडकून राहतो. त्यांनी मला नॉब आत-बाहेर करायला सांगितले आणि स्वतः पंपाजवळ वाकून दांडा पूर्ण मागे येतो की नाही ते पाहिले. आमची तार ठीक होती. पण एवढ्याशा कारणासाठी पंप उतरवून तालुक्याला नेल्याची उदाहरणे आमच्या पंचक्रोशीत आहेत, त्यामुळे ही तपासणी अगदी सुरुवातीला होणे मला योग्य वाटले.

त्यानंतर बॅटरी. आमची बॅटरी १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-तासांची आहे. त्यांनी मल्टिमीटर लावला तेव्हा ती स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे चार्ज पूर्ण होता. तरीही तेवढ्यावर न थांबता त्यांनी हायड्रोमीटरने सहाही घरांतील आम्लाची घनता तपासली. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती १.२६० ते १.२८० च्या दरम्यान असते, आणि एखादे घर मेले असेल तर तेथे आकडा स्पष्टपणे खाली दिसतो. आमच्या सहाही घरांचे आकडे जवळपास सारखे आले. बॅटरी चांगली आहे, हा निष्कर्ष त्यांनी मोजून काढला, आणि नवी बॅटरी घेण्याचा विषय तिथेच संपला.

मग चांगल्या बॅटरीवर सेल्फ जड का फिरत होता? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ज्या रीतीने शोधले, ते मला या सेवेतील सर्वांत शिकण्याजोगे वाटले. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून त्यांनी बंदचा नॉब ओढून ठेवला. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून मुलाला सेल्फ मारायला सांगितले. दोन्ही ठिकाणे एकाच अर्थिंगने जोडलेली असल्यामुळे मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवे, फार तर अर्धा व्होल्ट. तिथे सुमारे २ व्होल्ट दिसले. ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. प्रवाह २०० अँपिअर धरला, तर जोडावरचा अवघा ०.०१ ओहमचा रोध २ व्होल्ट गिळून टाकतो. बॅटरीच्या खांबावर व्होल्टेज असूनही ते सेल्फपर्यंत पोहोचत नव्हते.

अर्थिंगची पट्टी जिथे गिअरबॉक्सच्या अंगाला बोल्टने आवळलेली असते, तो जोड त्यांनी सोडवला. वरून सगळे घट्ट आणि नीटनेटके दिसत होते. पट्टी उचलली तेव्हा तिच्या खाली जुन्या रंगाचा थर निघाला. पूर्वी कधीतरी ट्रॅक्टर रंगवताना तो तिथेही बसला होता, आणि त्याच्या कडेने हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती. लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, पट्टीचे टोक घासले, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस लावले. ग्रीस जोड आवळल्यानंतर वरून लावायचे असते, हे मुलाला समजावून सांगायलाही ते विसरले नाहीत. पुन्हा सेल्फ मारला तेव्हा इंजिन जोमाने फिरले, आणि तिन्ही सिलिंडरांच्या दाबाचे ठोके एकसारख्या अंतराने ऐकू आले. त्यावरून कॉम्प्रेशनबद्दलची काळजीही बरीच कमी झाली.

सेल्फचा वेग डिझेल इंजिनात एवढा महत्त्वाचा का, हे ज्यांना ठाऊक नाही ते सेल्फ जड फिरत असतानाही बॅटरी संपेपर्यंत तो मारत राहतात. या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण सोळा ते अठरा पटीने दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. इंजिन हळू फिरले तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटायला आणि तिची उष्णता गार सिलिंडरच्या भिंतींत जिरायला वेळ मिळतो. मग डिझेल वेळेवर येऊनही पेटत नाही. शिवाय सेल्फ सलग मारत राहिल्याने त्याचे आर्मेचर आणि कार्बन तापून खराब होतात. एका वेळी फार तर दहा-पंधरा सेकंद मारून मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, हा मिस्त्रींचा आग्रह अगदी रास्त आहे.

सेल्फ आता जोरात फिरत होता, पण बंदचा नॉब आत ढकलूनही धूर अजून नव्हता. शेडमध्ये जमलेल्यांपैकी एकांनी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून पाहण्याची सूचना केली. दुसऱ्यांनी टोचन लावून ओढू म्हटले. मिस्त्रींनी दोन्ही गोष्टींना नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेट घेते आणि उलटा दणका पिस्टन, रिंगा व कनेक्टिंग रॉड यांना बसतो. एवढे करूनही मूळ दोष तसाच राहतो, कारण ज्या इंजिनाला डिझेलच मिळत नाही ते पेट्रोलवर दोन फेरे फिरून पुन्हा थांबणार. टोचनाबाबतही त्यांचे म्हणणे तेच होते. गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी अनेक जण अशा वेळी लोकांच्या सूचना मानतात. यांनी तसे केले नाही, ही मला सेवेची जमेची बाजू वाटते.

डिझेलच्या वाटेची तपासणी त्यांनी टाकीच्या झाकणापासून सुरू केली. झाकणावरचे हवेचे बारीक छिद्र बुजले तर टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल उतरत नाही. झाकण सैल करून पाहिले, फरक पडला नाही. फिल्टरच्या आधीची काचेची वाटी उतरवली तेव्हा तिच्या तळाशी पाण्याचा स्पष्ट थर दिसला. अर्धी टाकी पावसाळाभर उभी राहिली की रिकाम्या भागातील दमट हवेचे रात्रीच्या गारव्याने पाणी होते आणि ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला जाते. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा ठेवायचा असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी, हा त्यांचा सल्ला साधा आहे, पण आमच्या भागात तो फार थोडे लोक पाळतात.

पाणी काढून वाटी पुसली, आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे देणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारून एअर, म्हणजे वाटेत शिरलेली हवा, काढायला सुरुवात झाली. आमच्या इंजिनावर मुख्य पंप म्हणून जुन्या धाटणीचा, एका ओळीत प्लंजर असलेला पंप आहे. गावाकडे त्याला सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात. बेंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते संक्षिप्त नाव. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी बोलण्यात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात ‘मायको’च टिकून आहे. या रचनेत हातपंपाची गुंडी फिरवून मोकळी करायची, वर-खाली मारायची आणि फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फेस संपेपर्यंत डिझेल येऊ द्यायचे. आमच्याकडे फेस संपतच नव्हता. कितीही मारले तरी स्क्रूपाशी बुडबुडे येतच राहिले.

इथेच एखाद्याने फीड पंप बदलण्याचा सल्ला दिला असता. मिस्त्री मात्र टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपावरून बोट फिरवत खाली आले आणि क्लिपच्या अलीकडे थांबले. त्या जागी, नखाएवढ्या भागात, धूळ ओलसर होऊन काळी चिकटलेली होती. बाकीच्या पाइपावरची धूळ कोरडी आणि करड्या रंगाची होती. पाइप तिथे किंचित वाकवल्यावर केसासारखी चीर उघडली. ट्रॅक्टर उभा असताना त्या चिरेतून डिझेल नुसते पाझरत होते, जमिनीवर थेंब पडण्याइतकेही नाही. पण फीड पंप ओढू लागला की त्याच चिरेतून हवा आत जात होती. अशी गळती बाहेरून दिसत नाही म्हणून ती महिनोन्‌महिने सापडत नाही, आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो.

एवढे दिसल्यावरही त्यांनी लगेच पाइप बदलायला घेतला नाही. आपला निष्कर्ष बरोबर आहे, हे त्यांना आधी दाखवून द्यायचे होते. त्यांनी फडक्यातून गाळलेले डिझेल एका छोट्या कॅनमध्ये घेतले, कॅन शेडच्या तुळईला इंजिनापेक्षा उंच टांगला आणि एका पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडला. टाकी, तोटी आणि जुना पाइप या तिन्ही गोष्टी त्यामुळे वाटेतून बाजूला झाल्या. नळीत सुरुवातीला काही बुडबुडे धावले आणि मग डिझेलचा अखंड पिवळसर दोर दिसू लागला. फिल्टरचे स्क्रू, नंतर पंपाचा स्क्रू, असे क्रमाने एअर काढले. त्यानंतर नोजलकडच्या हायप्रेशर पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारला, आणि तिन्ही नटांपाशी डिझेल उसळू लागताच ते आवळले. पुढच्या सेल्फला सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि लगेच इंजिनाने पकडले. आबा, म्हणजे आमचे वडील, तिथेच खुर्चीवर बसून होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, “आबा, पंप एकदम चांगला आहे तुमचा. त्याला कुणाला खोलू देऊ नका.” ट्रॅक्टर विकून टाकावा की काय, असा विचार घरात सुरू झाला होता. त्या क्षणी तो थांबला, आणि त्याबद्दल मी या मिस्त्रींचा मनापासून ऋणी आहे.

हायप्रेशर पाइपांचे नट सैल करताना एक काळजी अनिवार्य आहे. नोजल उघडण्याचा दाब अशा इंजिनांत साधारण २०० बारच्या आसपास असतो. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो, आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागण्याइतकी गंभीर असते. त्यामुळे गळती शोधताना पाइपाजवळ उघडा हात नेऊ नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

नंतरची कामे सरळ होती. टाकीच्या तोटीतील जाळी गंजाच्या कणांनी आणि शेवाळासारख्या काळ्या बुळबुळीत थराने निम्मी बुजलेली निघाली. फीड पंपाला एवढा जोर लावून ओढावे लागत होते ते त्यामुळेच. पाइपाच्या दोन प्रती त्यांनी समोर ठेवल्या. एक साधी रबरी होती, दुसरी आतून जाळीचे अस्तर असलेली आणि डिझेलला टिकणारी. किमतीतला फरक सांगून निवड आमच्यावर सोडली. आम्ही दुसरी घेतली. बॅन्जो बोल्टांखालची (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टांखालची) तांब्याची वॉशर त्यांनी नवी घातली, कारण एकदा दबून कडक झालेले वॉशर पुन्हा नीट बसत नाही. फिल्टरचे दोन्ही एलिमेंट, पहिले कापडी आणि दुसरे कागदी, बदलले.

इंजिन सुरू झाले, पण मंद गतीला ते एका सिलिंडरवर अडखळत होते. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून, हातावर जाड कापड घेऊन, एकेका नोजलचा नट क्षणभर सैल केला. पहिला आणि तिसरा सैल करताच इंजिनाचा आवाज पडला. दुसरा सैल केल्यावर काहीच बदलले नाही, म्हणजे ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हते. ते नोजल काढून तालुक्याच्या गावी दुसऱ्या एका दुकानातील चाचणी यंत्रावर नेले. आम्हालाही सोबत यायला सांगितले, ही गोष्ट मला आवडली. यंत्राचा दांडा दाबल्यावर धुक्यासारखा फवारा येण्याऐवजी टोकातून एक वेडीवाकडी धार आणि मागोमाग ठिबकणारा थेंब आला. टोक बदलले, उघडण्याचा दाब पुन्हा बांधून घेतला, नोजल नव्या वॉशरवर बसवले, आणि त्या दिवशी सायंकाळी ट्रॅक्टर फणपाळी घेऊन रानात गेला.

पंप कधीच खोलू नये, असे त्यांचे म्हणणे नाही, आणि ही बाजूही सांगायला हवी. गार असताना चटकन सुरू होणारा ट्रॅक्टर तासभर काम करून बंद केल्यावर गरम असताना सुरू होत नसेल, तर पंपाची झीज हे कारण संभवते, विशेषतः रोटरी पंपात, म्हणजे ज्यात ओळीतल्या प्लंजरांऐवजी एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो त्या पंपात. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या भागांच्या फटींतून मागे निसटते. सेल्फच्या वेगाला मग पुरेसा दाब तयार होत नाही. बंद इंजिनाच्या रोटरी पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला, तर संशय पक्का होतो. चालू इंजिनाच्या गरम पंपावर पाणी ओतणे मात्र टाळावे, आतले भाग अडकून बसण्याचा धोका असतो. रोटरी पंपाचे वंगण म्हणजे त्याच्यातून वाहणारे डिझेलच असते. त्यामुळे डिझेलमधले पाणी आणि कचरा त्याला ओळीच्या पंपापेक्षा फार लवकर मारतो. ज्यांच्या ट्रॅक्टरवर रोटरी पंप आहे त्यांनी काचेची वाटी अधिक वेळा तपासावी.

आता या सेवेतील उणिवा. सर्वांत गंभीर उणीव सुरक्षिततेची आहे. मिस्त्री टाकीकडे काम करत असताना त्यांच्या मदतनीस मुलाने एकदा सीटवर न बसता, जमिनीवर चाकाजवळ उभे राहून, सेल्फची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून इंजिन फिरवले. गिअर न्यूट्रलला होता म्हणून काही घडले नाही. पण या पद्धतीत ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल आणि इंजिनाने पकडले, तर मागचे मोठे चाक उभ्या माणसाच्या अंगावर येते, आणि अशा अपघातांत जीव जातो. क्लचजवळचा सुरक्षा स्विच असलेल्या ट्रॅक्टरांतही या पद्धतीत तो ओलांडला जातो. मी हरकत घेतल्यावर मिस्त्रींनी मुलाला समज दिली. तरीही ही सवय गॅरेजमध्ये रुजलेली असावी असे वाटले, आणि ती मोडून काढण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. जो मुलगा इतक्या चांगल्या माणसाच्या हाताखाली शिकतो आहे, त्याने ही गोष्टही इथेच नीट शिकायला हवी.

दुसरी अडचण वेळेची. पेरणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत त्यांचा फोन लागणे कठीण असते, आणि सांगितलेली वेळ अर्धा दिवस पुढे जाऊ शकते. उशीर होणार असल्यास कळवण्याची पद्धत नाही. बिल आपणहून लिहून देत नाहीत. मागितल्यावर मात्र वहीच्या कागदावर सुटे भाग, मजुरी आणि येण्याचा खर्च वेगवेगळा मांडून, तारीख घालून दिला. काढलेले जुने भागही एका पिशवीत बांधून परत दिले. गॅरेजमध्ये स्वतःचे नोजल-चाचणी यंत्र नाही, त्यामुळे त्या कामासाठी दुसऱ्या दुकानाच्या वेळेवर अवलंबून राहावे लागते.

खर्चाचे म्हणाल तर, येणे-जाणे, मजुरी, पाइप, फिल्टर, वॉशर आणि नोजलचे टोक हे सगळे मिळून आम्हाला एका नव्या बॅटरीच्या किमतीपेक्षा कमी पडले. पंप उतरवून दुरुस्त करण्याचा जो अंदाज आधी मिळाला होता, त्याच्याशी तर तुलनाच होत नाही. येण्याचा खर्च त्यांनी फोनवर जेवढा सांगितला तेवढाच घेतला.

ही सेवा कोणासाठी आहे, हेही स्पष्ट असावे. ज्या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप आहे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही, त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. विशेषतः एचएमटीसारख्या बंद पडलेल्या उत्पादनाच्या मालकांनी इथे जरूर विचारणा करावी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली, आणि तेव्हापासून त्या ट्रॅक्टरांचे भाग बाजारात शोधूनच मिळवावे लागतात. या गॅरेजच्या मागच्या खोलीत असे वापरलेले पण तपासलेले भाग नीट लावून ठेवलेले आहेत. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, आणि त्यांच्या इंजिनांत आता संगणक-नियंत्रित इंधनप्रणाली येऊ लागली आहे. ती कामे मिस्त्री स्वतःहून नाकारतात आणि कंपनीच्या वर्कशॉपकडे पाठवतात. आपल्याला न येणारे काम न घेण्याचा हा प्रामाणिकपणा ग्रामीण भागात फार उपयोगाचा आहे, कारण अर्धवट ज्ञानाने उघडलेला नवा ट्रॅक्टर नंतर कोणाच्याच हाताला लागत नाही.

ज्यांना हे गॅरेज किंवा आपापल्या तालुक्यातील असेच एखादे गॅरेज बोलवायचे असेल, त्यांनी सकाळी आठच्या आत फोन करावा, कारण त्यानंतर मिस्त्री बाहेर पडतात. फोन करण्याआधी सेल्फचा वेग आणि सायलेन्सरचा धूर स्वतः पाहून ठेवावा, टाकीत निदान निम्मे डिझेल असू द्यावे, आणि कोणताही पाइप आधी सोडवून ठेवू नये. ट्रॅक्टर शेडच्या आत अडचणीच्या जागी असेल तर तेही आधी सांगावे. आणि ते काम करत असताना ट्रॅक्टरचे पुस्तक जवळ ठेवावे. टॅपेटचे (व्हॉल्व्हचे) अंतर आणि नोजलचा दाब ते आठवणीवर न सोडता पुस्तकात पाहून घेतात, आणि आमचे पुस्तक सापडेपर्यंत त्यांनी नोजल बांधायचे काम थांबवून ठेवले होते.